इवाई ज्यावर बसले तो दगड

पिंडीवर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. हा नेम बापाचा. तो थकला तसा तांब्या माझ्या हातात आला, तो अजून हातातच आहे. शाळा मला चौथीच्या पुढं जमली नाही, पण हे जमलं. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. ओढ्याकाठाला महादेवाचं दगडी देऊळ, दारात देवचाफा. सकाळी अंघोळ करायची, तांब्या भरायचा, खाली पडलेलं चाफ्याचं एखादं बरं फूल उचलायचं, पिंडीवर पाणी घालायचं आणि मग घरी येऊन भाकरी. कारखान्याची ऊसतोड आलेली असो नाहीतर घरात लग्न असो, यात बदल नाही. मिरजेला माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी खायची परवानगी दिली, मी ती घेतली नाही. भावानं चाकाच्या खुर्चीत घालून मला दवाखान्यामागच्या देवळात नेलं, तिथं पाणी घातलं, मग पेज प्यालो. चहा मात्र चालतो. चहा हे अन्न नव्हे, हा निवाडा बापानंच करून ठेवलाय.

गावात मला हेकट म्हणतात. आहेच मी. नसतो तर मिरजेलाच नेम मोडला असता.

मला एकच लेक. तिचा नवरा व्हिएतनाममध्ये दा नांग नावाच्या शहरात कंपनीत इंजिनियर आहे. लेकीला तिथंच मुलगी झाली. माझी मंडळी त्याआधीच गेलेली, म्हणून बाळंतपणाला विहीणबाई गेल्या आणि त्यांच्यासंगं इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, तेबी जाऊन आले. नात आईच्या दुधावर चांगली बाळसं धरत होती. बघता बघता उष्टावणाची वेळ आली.

आमच्यात पोराला अन्नाचा पहिला घास मामा देतो. मामा नसला तर आईचा बाप. आणि तो घास नुसता उचलून द्यायचा नसतो. देणाऱ्यानं आधी खीर आपल्या तोंडाला लावायची आणि त्यातलं उष्टं बोटानं पोराला चाटवायचं. म्हणून तर ते उष्टावण. लेकीनं फोन केला.

"आप्पा, मला भाऊ न्हाई. घास तुमीच द्यायचा. तुमी आल्याबिगार मी हिला अन्नाचा कण लावणार न्हाई."

लेक कुणावर गेली ते सांगायला नको.

आता पंचाईत बघा. मी उष्टं दिल्याशिवाय नात जेवणार नाही, आणि पिंडीवर पाणी पडल्याशिवाय मी खीर तोंडाला लावणार नाही. त्या मुलखात महादेव आणायचा कुठनं?

माझे इवाई मलकापूरला असतात, कऱ्हाडच्या शेजारी. फौजेतनं सुबेदार होऊन आलेले. मिशा अजून ताठ, बूट अजून पॉलिशचे. गडी दिलदार आहे, पण मला चिमटा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मलाही लागत नाही, ते खोटं कशाला सांगू. त्यांच्याकडं ठरवाठरवीसाठी गेलो तर सोफ्यावर मांडी घालून त्यांनी आधीच निकाल लावून ठेवलेला. तिकडं सगळी बुद्धाची देवळं, महादेवाचा पत्ता नाही, आपण सगळं शहर पायाखालनं घातलंय, असं त्यांनी भरल्या घरात सांगितलं.

"तवा इवाई, तुमी हितंच ऱ्हावा. उष्टावण मी उरकतो. आजा मीबी हाय की. तुमचा महादेव व्हिसा काढल्याबिगार कसा यील?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. पहिला घास बापाच्या बाजूनं गेला तर लेकीला माहेर उरलं नाही असं होतं. तिला भाऊ नाही, आई नाही. उरलो होतो मी एकटा.

मग सल्ले सुरू झाले. विहीणबाई म्हणाल्या, पितळेची बारकी पिंडी पिशवीत घालून न्या. मी म्हणालो, महादेवाला पिशवीतनं हिंडवायचा नसतो, तो बसलेला असतो आणि आपण उठून त्याच्याकडं जायचं असतं. बापाची तशी शिस्त होती. सुबेदारांचा धाकटा म्हणाला, गावाकडं गुरवाला पाणी घालायला सांगा आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघा. त्याला मी सांगितलं, त्या कॉलवर तू भाकरी खाऊन दाखव, तुझं पोट भरलं तर मीबी तसंच करीन. मग कुणी सल्ला दिला नाही.

तेवढ्यात सुबेदारांनी टीव्हीवर आपल्या मागच्या फेरीचे फोटो लावले. समुद्र, आगीचे लोळ टाकणारा अजगरासारखा पूल, कुठल्या कुठल्या हॉटेलातले वाडगे. आणि मग एक फोटो आला, बागेतला. सुबेदार एका ठेंगण्या दगडावर पायावर पाय टाकून बसलेत, एक हात मिशीला, डोक्यावर चाफ्याचं झाड, भुईवर पांढऱ्या फुलांचा सडा. आणि त्यांच्या बैठकीखालनं, चौकोनी दगडाच्या एका बाजूनं, पन्हळ बाहेर आलेली.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"ते व्हय. म्युझियमच्या बागंतलं. चाम म्हणून जुनी लोकं हुती तितली, त्यांचं सगळं दगडाचं काम मांडून ठेवलंय. आत लय उकडत हुतं, म्हणून मी बाहीरच टेकलो. रस गाळायचा दगड हाय त्यो. तिकडंबी ऊस लय. घाण्याचा रस ह्या पन्हळीतनं खाली भांड्यात पडत असणार."

आमच्या भागातला माणूस. दगडाला पन्हळ दिसली की त्याला उसाचा रसच दिसणार. मी त्यांना दोष देत नाही. पण उभ्या जन्मात रोज सकाळी मी ज्या पन्हळीतनं पाणी वाहून जाताना बघत आलोय, ती मला ओळखू येणार नाही होय? ती साळुंका होती. महादेवाची बैठक. आता साळुंकेच्या मधोमध काय आहे, हे मात्र दिसत नव्हतं, कारण तिथं सुबेदार बसले होते. नुसतं भोक असलं तर माझा कारभार आटोपला. आणि मला वाटतंय ते असलं, तर सुबेदार कशावर बसलेत ते त्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

मी बोललो नाही. बोललो असतो तर वाद झाला असता, आणि सुबेदार स्वतःच्या घरात वाद हरत नाहीत. मी एवढंच म्हणालो, "मीबी तिकडं येतो."

"आन पोटाचं काय करणार?"

"पोट माझं हाय, इवाई."

निघायच्या दिवशी सकाळी गावच्या पिंडीवर पाणी घातलं, भाकरी खाल्ली आणि तांब्या धोतराच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवला. विमानात दुसऱ्या दिवसाचं जेवण पुढं आलं ते मी परत केलं. त्या पोरीला वाटलं म्हाताऱ्याला बरं नाही, ती दोनदा येऊन बघून गेली. सुबेदारांनी आपला डबा खाल्ला, मग माझाही खाल्ला आणि अन्न वाया घालवू नये यावर मला ऐकवलं.

लेकीनं दारातच पायाला मिठी मारली. नात माझ्याकडं टक लावून बघत होती, मग तिनं माझी टोपी ओढली आणि आमची ओळख झाली. लेकीनं भात टाकलेला, मी ताट बाजूला सारलं. तिला राग आला, पण तिनं तो गिळला. तिथला चहा म्हणजे पिवळं कढत पाणी, दूध नाही, साखर नाही. त्यावर मी तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीची झोप व्हायच्या आत उष्टावण करायचं ठरलं होतं. फोटोतल्या दगडाबद्दल मी लेकीच्या कानावर घातलं. 

"आन नसला त्यो तसा, तर?" तिनं विचारलं.

"तर घास सुबेदार देतील," मी म्हणालो. हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं, आणि मी उठून तांब्या घासायला घेतला.

सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, पटका बांधला, तांब्या भरून घेतला. लेक नातीला घेऊन खीर करायला घरी राहिली. जावई, सुबेदार आणि मी असे निघालो. म्युझियम नदीच्या अंगाला आहे. पिवळ्या रंगाची बैठी इमारत, कमानी कमानींची, चारी अंगांनी मोकळी, वारा आरपार जाणारा. भोवती बाग आणि बागेत जिकडं बघावं तिकडं देवचाफा. जावई सांगत होते, या चाम लोकांचं राज्य इथं शेकडो वर्षं होतं. त्यांनी विटांची देवळं बांधली. देवळं पडत गेली तसे त्यातले दगड फ्रेंच साहेबांनी गोळा करून हे घर बांधलं. चाम लोक अजून आहेत, खाली दक्षिणेला. मी विचारलं, राज्याचं नाव काय. ते म्हणाले, चंपा.

"चाफा?"

"तेच म्हणायचं, मामा."

माझी अर्धी भूक तिथंच गेली. चाफ्याचं राज्य, आणि त्यात महादेव नसंल?

दारात मी वहाणा काढल्या. राखणीला बसलेल्या मुलीनं खुणेनं सांगितलं, घाला, इथं चालतात. मी खुणेनं सांगितलं, मला चालत नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं, वहाणांकडं बघितलं आणि त्या उचलून आपल्या टेबलाखाली ठेवल्या.

आत गेल्यावर मी काय बघितलं ते नीट सांगतो. तांबूस दगड, आमच्याकडच्या काळ्या दगडासारखा कठीण दिसत नाही, उन्हात वाळत टाकलेल्या मातीच्या रंगाचा. एक नंदी, पाय पोटाखाली घेऊन रवंथ करत बसलेला, गळ्यात घुंगरांची माळ. एक गणपती, हातात वाटी आणि सोंड थेट वाटीत. त्याचं जेवण चाललेलं आणि मी उपाशी, मी त्याला तसं म्हणालोही. नाचणाऱ्या बाया, कमरेत अशा वाकलेल्या की दगड मऊ असावा असं वाटतं. एका मोठ्या चौथऱ्याला चहूबाजूंनी नुसत्या थानांची ओळ कोरलेली. सुबेदारांनी मान फिरवली आणि ते कमानीबाहेर बघत उभे राहिले. मला घरातली लेक आणि नात आठवली. मी तिथं हात जोडले.

आणि मग पिंडी. एक नव्हे, चांगल्या दोन-तीन. एक तर माझ्या छातीएवढी, गुळगुळीत, पन्हळ लांबच लांब. सुबेदार माझ्याकडं बघायचं टाळू लागले. मी प्रदक्षिणा सुरू केली. पन्हळीपाशी आलो आणि मागं फिरलो, कारण महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते. तिथं भुईवर जायच्या दिशेचे बाण होते, मी त्याच्या उलट निघालो. मागनं शाळेच्या पोरांची रांग येत होती, ती माझ्यावर येऊन थटली. राखणीच्या मुलीनं हात करून सांगितलं, इकडनं, इकडनं. मी पन्हळीकडं बोट दाखवून मान हलवली. जावई बिचारे दोन्हीकडं माफी मागत होते. शेवटी मुलीनंच पोरांना थांबवलं आणि मला वाट करून दिली.

पण तांब्या वर उचलला तसा तिनं हात आडवा धरला. हसून धरला, पण धरला. आत पाणी नाही. जावयांनी समजावून बघितलं, ती मान हलवत राहिली. देवाच्या राखणीला बसलेलं माणूस आपलं काम करत असलं तर त्याच्याशी भांडू नये. मी तांब्या तिच्या हातात दिला, तो तिनं वहाणांशेजारी ठेवला.

सुबेदारांना एकदम जोर आला. दर्शन झालं, देव पावला, आता चला आणि जेवा, म्हणाले. जावईही म्हणाले, मामा, बघितलंत की डोळ्यांनी. मी म्हणालो, नेम बघायचा नाही, पाण्याचा आहे. घरी खीर निवत होती. नातीच्या झोपेची वेळ जवळ आली होती. माझं मलाच कळत होतं की आता उरलं ते बागेतलं.

"इवाई," मी म्हणालो, "तुमचा रसाचा दगड दावा."

त्यांनी खुशीत दाखवला. बागेच्या कोपऱ्यात, दाट चाफ्याखाली. उन्हापावसात झिजलेला, कडा गेलेल्या. वर फुलं आणि पानं इतकी साचलेली की मधोमध काय आहे ते दिसेना. पन्हळ मात्र तीच. मी खाली बसलो. हात पुढं करायला मला जरा वेळ लागला, हे लिहिताना लाज वाटत नाही. मग मी फुलं बाजूला सारली. पानं काढली. हाताला गोल लागलं.

झिजून झिजून दोन बोटं उरलेलं, पण लागलं. हात फिरवला तर आमच्या ओढ्याकाठच्यासारखंच गार.

मी मागं वळून बघितलं. सुबेदारांचा चेहरा असा मी आजवर कधी बघितला नव्हता. फोटो त्यांनाही आठवला असणार. मांडीवर मांडी, मिशीला हात.

"इवाई," मी म्हणालो, "बूट काढा."

फौजेतला माणूस, हुकूम मिळाल्यासारखा खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला.

पाण्याचं देवानंच जुळवून ठेवलेलं. उन्हाची टोपी घातलेली एक बाई पाइपानं झाडांना पाणी देत होती. तिला आमच्या बोलीतला एक शब्द कळायचा नाही, मला तिचा नाही. पण पाणी कसं धरायचं हे मला कळतं. रात्रपाळीच्या लायटीवर उसाला दारं धरण्यात, सरीसरीला पाणी फिरवण्यात माझा जन्म गेलाय. मी तिच्याजवळ गेलो आणि पाइपाला हात लावून खूण केली, दे, मी घालतो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हसली आणि देऊन टाकला. मी आधी तिची दोन झाडं नीट भिजवली, बुडाला पाणी मुरेपर्यंत. देवाच्या कामासाठी दुसऱ्याचं पाणी घ्यायचं तर आधी त्याच्या रानाला द्यावं. मग पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धार बारीक केली आणि पिंडीवर धरली. पानाचा चोथा वाहून गेला, माती गेली, दगड तांबडाभडक निघाला. पाणी साळुंकेत फिरलं आणि पन्हळीतनं खाली पडलं. कोण जाणे किती वर्षांनी ते कुणी बघत होतं.

पावसात भिजणाऱ्याच दगडावर पाणी, म्हणून असेल, राखणीची मुलगी दारातनं नुसती बघत राहिली. मग आत गेली आणि माझा तांब्या घेऊन आली. तो मी सुबेदारांच्या हातात दिला.

अनवाणी उभे होते. एका हातानं कान पकडला, दुसऱ्या हातानं तांब्या ओतला आणि पुटपुटले, "माफ करा महाराज, उन्हाचा टेकलो हुतो." असा सलाम त्यांनी जनरललाही ठोकला नसेल.

मी चाफ्याचं एक बरं फूल ठेवलं. निघताना त्या बाईनं मला हाक मारून कोपऱ्यातली कोरडी राहिलेली रांग दाखवली. तिच्या लेखी मी फुकटचा गडी. ती रांगही भिजवली, मगच निघालो.

घरी लेक नातीला मांडीवर घेऊन बसलेली, नातीचे डोळे मिटायला आलेले. मी काही सांगायच्या आत तिनं माझं ओलं धोतर बघितलं आणि तिला कळलं. ती रडली नाही. माझ्यापुढं खिरीची वाटी सरकवली आणि म्हणाली, "बसा की मग. किती वाट बघायची पोरीनं."

मी खीर तोंडाला लावली. परवापासनं पोटात अन्न नव्हतं, वाटी तोंडालाच लावावी असं वाटत होतं, पण एवढीच घेतली. मग बोट बुडवून नातीच्या ओठाला लावलं. तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग जीभ फिरवली, मग माझं बोटच धरलं आणि सोडेना. सुबेदार बाजूला उभे होते. मी म्हणालो, इवाई, दुसरा घास तुमचा. ते म्हणाले, आधी हात धुऊन येतो.

तिथं होतो तोवर रोज सकाळी मी त्या बागेत गेलो. पहिले दोन दिवस खुणा कराव्या लागल्या, नंतर ती बाई मला बघितलं की पाइप माझ्या हातात देऊन सावलीला बसायची. सुबेदार संगं यायचे. बूट बागेच्या दाराशीच काढायचे.

आता गावाकडं परत आलोय. तांब्या आपल्या ओढ्याकाठच्या देवळात रोज जातो. मलकापूरला गेलो की सुबेदार अजूनही पाहुण्यांना टीव्हीवर फोटो दाखवतात. समुद्र येतो, अजगराचा पूल येतो, आणि मग त्यांचा अंगठा घाईघाईनं पुढं पळतो.

"थांबा वो इवाई," मी म्हणतो. "मागं घ्या. एक राहिला."